कंट्रोलच्या पोत्यातलं युद्ध

व्हिएतनामचं युद्ध म्हटलं की आपल्या पिढीला हॉलिवूड आठवतं. जंगलावरून जाणारी हेलिकॉप्टरं, चिखल, मागे वाजणारी गिटार. मीही ते युद्ध पहिल्यांदा मोबाईलवरच पाहिलं. ते आमच्या नांदूरघाटपर्यंत कसं पोचलं होतं, हे मला कळलं ते आजीच्या एका शब्दामुळे.

नांदूरघाट हे बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं गाव. बालाघाटचा डोंगर, ज्वारीची रानं, दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणारी माणसं. इथलं रोजचं खाणं म्हणजे ज्वारीची भाकरी. आजीच्या तरुणपणी गव्हाची पोळी फक्त सणाला व्हायची. तो शब्द आहे 'मिलो'. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. रेशनच्या दुकानाला आमच्याकडे आजही 'कंट्रोल' म्हणतात, तिथे ती मिळायची.

आजी सगळं सांगते. सासुरवास सांगते, विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरल्याचं सांगते. मिलोचं नाव काढलं की मात्र आवाज खाली येतो. "डुकराचं खाणं खाल्लं बाबा आम्ही. इचारू नको," म्हणते आणि उठून जाते. साल विचारलं तर कधी "तुझा बाप पोटात होता तवा" म्हणते, कधी "खडी फोडाय जायचो तवा". ही दोन वेगळी सालं आहेत. वडिलांचा जन्म 1966 चा, आणि खडी फोडली ती 1972 च्या दुष्काळात. या दोन सालांच्या मध्ये काय काय घडलं, ते शोधत गेलो आणि थेट व्हिएतनामला पोचलो.

सुरुवात 1954 ची. अमेरिकेत गहू इतका पिकत होता की कोठारं पुरत नव्हती. तेव्हा 'पी. एल. 480' नावाचा कायदा झाला. शिल्लक धान्य मित्रदेशांना विकायचं, आणि पैसे डॉलरऐवजी त्यांच्याच चलनात घ्यायचे. भारताला हे सोयीचं होतं. मे 1960 मध्ये आपले अन्नमंत्री, मुंबईचे स. का. पाटील, वॉशिंग्टनला गेले आणि चार वर्षांसाठी 1 कोटी 70 लाख टन धान्याचा करार झाला. चार वर्षांची बेगमी झाल्यावर घाई कुणाला असणार?

मग 1965 उजाडलं. 2 मार्चला अमेरिकेनं उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू केली. 8 मार्चला दा नांगच्या किनाऱ्यावर साडेतीन हजार मरीन सैनिक उतरले. वर्षअखेरीला व्हिएतनाममधले अमेरिकी सैनिक 1 लाख 84 हजारांच्या घरात होते. त्याच वर्षी आपल्याकडे पावसानं दगा दिला, पाकिस्तानशी युद्ध झालं आणि धान्याचा जुना करार संपला. लांब मुदतीचा नवा करार करायला अध्यक्ष जॉन्सन यांनी नकार दिला. धान्य थोडं थोडं सुटणार, महिना-दोन महिन्यांपुरतं, आणि दर वेळी निर्णय ते स्वतः घेणार. लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्री एक वेळ उपाशी राहायला सांगितलं ते याच काळात.

जॉन्सन यांच्याबद्दलच्या दोन गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. मंगळवारी दुपारी ते निवडक सल्लागारांबरोबर जेवायला बसत आणि त्या जेवणात उत्तर व्हिएतनाममध्ये कुठे बॉम्ब टाकायचे ते ठरे. आणि याच माणसानं पुढे आपल्या आठवणींत लिहिलं की भारतात पाऊस कुठे पडला, कुठे नाही, यावर आपली बारीक नजर असायची. एका नकाशावर बॉम्ब कुठे पडावेत, दुसऱ्यावर पाऊस कुठे पडला नाही. दोन्हींचा निकाल एकाच माणसाच्या हातात होता.

मार्च 1966 मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. स्वागत जोरात झालं, जास्तीच्या धान्याचं आश्वासन मिळालं. जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. जुलैमध्ये त्या मॉस्कोला गेल्या आणि तिथल्या संयुक्त निवेदनात व्हिएतनामवरची बॉम्बफेक ताबडतोब थांबवा, असं म्हटलं गेलं. भारतानं हे बोलायला कारण होतं. 1954 च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाममध्ये देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडेच होतं. पण वॉशिंग्टनला ते झोंबलं. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर नव्या धान्याची मंजुरी महिनोन् महिने लांबली. तिकडे बिहारमध्ये लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता.

व्हिएतनाम हे एकच कारण होतं असं म्हणणं बरोबर होणार नाही. भारतानं शेतीवर पैसा खर्च करावा, इतर श्रीमंत देशांनीही धान्याचा भार उचलावा, हाही जॉन्सन यांचा आग्रह होता. आणि धान्य आलं हेही खरं. 1966 मध्ये भारतानं सुमारे 1 कोटी टन धान्य आयात केलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. ते आलं नसतं तर किती माणसं गेली असती याचा विचार करवत नाही. पण ते कधी येणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. जहाज वेळेवर सुटलं नाही की कंट्रोलच्या दुकानाला कुलूप. त्या कुलपासमोर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला दा नांग कुठे आहे ते माहीत नव्हतं. तिच्या पिशवीचा आणि दिल्लीच्या एका निवेदनाचा संबंध आहे, हे तिला सांगणारंही कुणी नव्हतं.

याच वर्षांत व्हिएतनामच्या शेतांवर काय पडत होतं, तेही बघा. 1962 ते 1971 या काळात अमेरिकी विमानांनी तिथे सात कोटी लिटरहून जास्त तणनाशक फवारलं. जंगल झडावं म्हणून, आणि शत्रूला भात मिळू नये म्हणून उभ्या पिकांवरसुद्धा. सगळ्यात कुप्रसिद्ध 'एजंट ऑरेंज'. त्यात दोन औषधं निम्मी निम्मी होती. डायॉक्सिन हे विष होतं ते एकात, 2,4,5-टी मध्ये. दुसरं, 2,4-डी, तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे असाल तर ओळखीचं असेल. उसातलं रुंद पानाचं तण मारायला आपण ते आजही वापरतो, आणि बांधावरच्या काँग्रेस गवतावरही मारतो. हे काँग्रेस गवत पी. एल. 480 च्या गव्हातून आलं, असं गावोगाव सांगतात. वनस्पतिशास्त्रज्ञांचं त्यावर एकमत नाही. पण अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात ते गवत, आणि व्हिएतनामच्या भातावर पडलेल्या मिश्रणातलं ते औषध, दोन्ही आमच्या बांधावर समोरासमोर आहेत. एकच सरकार एका देशाला धान्य पाठवत होतं आणि दुसऱ्या देशाचं पीक मारत होतं.

एप्रिल 1969 मध्ये व्हिएतनाममध्ये 5 लाख 43 हजार अमेरिकी सैनिक होते. तो कळस. नंतर माघार सुरू झाली. डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात अमेरिकेनं भारताची मदत थांबवली, आणि भारतानंही सवलतीचं धान्य घेणं बंद केलं. पुढच्याच वर्षी आमच्याकडे तो दुष्काळ पडला. धान्य रोखीनं, जगाच्या बाजारातून आणायचं होतं. त्याच वर्षी रशियानं अमेरिकेचा गहू प्रचंड प्रमाणात उचलला आणि भाव चढले. महाराष्ट्रात 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. खडी, पाझर तलाव, रस्ते, आणि खायला सुकडी. आजी त्यातली एक.

हे सगळं तिला सांगायचं ठरवलं. मिलोच्या लाजेनं ती पन्नास वर्षं गप्प आहे. तिच्या मनात ती भीक होती. म्हणून एवढंच विचारलं, "कंट्रोलमधून आणताना पैसे दिले होते का?"

"मग? फुकट कोण देतंय," ती जवळजवळ ओरडलीच. मग बराच वेळ भाकरीबद्दल बोलली. पीठ चिकट नसायचं, थापताना कडा फाटायच्या, उलटताना तुकडे पडायचे. शेवटी तिनं उकळतं पाणी घालून पीठ मळायला सुरुवात केली आणि जमलं. शेजारणी शिकायला यायच्या म्हणे. हे तिनं याआधी कधी सांगितलं नव्हतं.

अमेरिकेचे शेवटचे लढाऊ सैनिक व्हिएतनाममधून निघाले ती तारीख 29 मार्च 1973. मी आजीला विचारलं, त्या उन्हाळ्यात तू कुठल्या कामावर होतीस? तिनं रस्त्याचं नाव सांगितलं. तो रस्ता अजून आहे. आमची एसटी त्याच रस्त्यानं येते.