बीटची बैठक

दसरा झाला की आमच्या वडवणीकडची गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीचे कोयते निघतात, काही लेकरं आईबापांबरोबर फडावर, काही आजीपाशी. म्हणून या दिवसांतली आम्हा अंगणवाडी सेविकांची बीटची, म्हणजे आसपासच्या गावांची, बैठक मला फार मोलाची वाटते.

आज पर्यवेक्षिका ताईंनी पोषण ट्रॅकरच्या नोंदी लवकर उरकल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही बोला." शेजारच्या गावच्या अक्कांनी सांगितलं, आईबाप कारखान्याला गेल्यापासून एक पोरगं अंगणवाडीच्या दारातच रडत बसायचं. अक्कांनी आजीलाच आत बोलावलं, पुढ्यात सुपात तांदूळ दिले. पोरगं आजीचा पदर धरून खडे वेचायला लागलं, हळूहळू मोजायलाही लागलं. आता आजी सोडून जाते तरी रडत नाही. आम्ही सगळ्याजणी सूप आणायचं ठरवूनच उठलो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हाही साधनं गावातलीच होती : शंख, शिंपले, पानं, बिया. १९७५ साली अंगणवाडीची सरकारी योजना आली, रजिस्टरं वाढली. पण शिकवायचं कसं, हे मला परिपत्रकापेक्षा शेजारणीकडूनच जास्त कळलं आहे.

फडावर जाणाऱ्या लेकरांचं मात्र अजून नीट जमलेलं नाही. वजन, दंडाचा घेर, राहिलेली लस हे सगळं तिकडच्या सेविकेला आधीच कळायला हवं. कोणती टोळी कोणत्या कारखान्याला जातेय, याची यादी उद्या मुकादमांकडून घ्यायची आहे.