चार टीबी लग्नं ठेवायची कुठं?

कोराडीत लग्नांचे आणि नवरात्रात जगदंबेच्या देवळातल्या गर्दीचे फोटो काढणं हा माझा धंदा. चार टीबी माल हार्ड डिस्कवर पडलेला. पुण्यातला भाचा म्हणाला, "मामा, क्लाउडवर टाका ना, सोपं आहे."

खातं उघडताना पहिलाच प्रश्न आला : रीजन कोणता, म्हणजे माल कुठल्या शहरात ठेवायचा? ॲमेझॉनचं मुंबई 2016 पासून, हैदराबाद 2022 पासून, गुगलचं मुंबई आणि दिल्ली, मायक्रोसॉफ्टचं पुणेसुद्धा. आमच्याकडून हैदराबाद जवळ, म्हणून मी तेच धरून बसलो. भाचा हसला. "मामा, तुम्हाला काय बस पकडायची आहे? लग्नाच्या फोटोंना मिलिसेकंदांनी काय फरक पडतो? दर बघा."

दरपत्रक उघडलं आणि डोकं गरगरलं. एकट्या ॲमेझॉनकडे साठवणीचे प्रकार किती : स्टँडर्ड, इन्फ्रिक्वेंट ॲक्सेस, ग्लेशियर, डीप आर्काइव्ह. प्रत्येकाचा भाव वेगळा, तोही डॉलरमध्ये. कोराडी वीज केंद्राच्या 660 मेगावॉटच्या तीन संचांच्या सावलीत राहणारा माणूस मी. वीजबिलातला स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, सगळं मला वाचता येतं. हे त्याच्या वरताण! हैदराबादचा हट्ट सोडून मुंबईचा भाव पाहिला : स्टँडर्डमध्ये ठेवायचा दर जीबीला महिन्याला साधारण अडीच सेंट. म्हणजे चार टीबीचे शंभरेक डॉलर, वर जीएसटी. आत टाकायला फुकट. आणि बाहेर काढायला? महिन्याचे पहिले 100 जीबी सोडले तर जीबीला जवळजवळ अकरा सेंट. सगळा माल एकदम परत मागितला तर चारशेवर डॉलर! हा आकडा शोधायला मला दुसरंच पान उघडावं लागलं. ठेवण्याचा भाव मात्र ठळक.

डीप आर्काइव्ह फार स्वस्त, पण फाइल मागितली की 12 तास थांबा. गिऱ्हाईक दुकानात उभं असताना हे चालत नाही. उलट दहा वर्षांपूर्वीचं लग्न मागायला कोण येतं? आलंच, तर उद्या या म्हणता येतं.

शेवटी यंदाची लग्नं स्टँडर्डमध्ये, जुनी डीप आर्काइव्हमध्ये आणि सगळ्याची एक प्रत घरच्या डिस्कवर, असं ठरवलं. 50 एमबीपीएसच्या लाइनवर चार टीबी चढायला अखंड आठवडाभर लागतो, तेव्हा मुहूर्ताच्या हंगामात हे काम काढू नका. आणि डीप आर्काइव्हमध्ये किमान 180 दिवसांचं भाडं लागतंच. महिन्याभरात पुसायचं असेल ते तिथं टाकू नका.