टणटणीच्या पलीकडचा डोंगर

म्हैसूरहून हेगडदेवनकोटेच्या रस्त्याला लागलं की शहर लवकर मागे पडतं. दोन्ही बाजूंना लाल माती, तंबाखू वाळवायच्या उंच भट्ट्या, कापसासाठी नांगरून ठेवलेली रानं. मधेच केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी खंडानं घेतलेली आल्याची शेतं दिसतात. हँडपोस्टला सरगूरचा फाटा फुटतो आणि थोड्याच वेळात कबिनीच्या काठचं हे बाजाराचं गाव येतं. इथली माणसं नदीला कपिला म्हणतात. गावाच्या पलीकडे बंडीपूर आणि नागरहोळेची जंगलं पसरली आहेत.

बहुतेक प्रवासी इथून वाघ बघायला पुढे जातात. मी आलो होतो ते डोंगराची जमीन बघायला. मावळात आमची थोडी वरकस जमीन आहे. आजोबांच्या वेळी तिथे नाचणी आणि वरई व्हायची. उताराला आडव्या घातलेल्या त्यांच्या दगडी ताली अजून माती धरून आहेत. वडिलांनी आंबा-फणस लावले, झऱ्याचं पाणी टाकीत घेतलं. आता आमच्या पिढीत घर बांधायचं, बाग करायची, हिरवळ घालायची, अशी चर्चा रोज चालते. एकाच घराण्याच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या रानाचं काय होतं, ते त्याआधी डोळ्यांनी पाहावंसं वाटलं.

सरगूरच्या आसपासचं जंगल एकेकाळी म्हैसूरच्या वोडेयर घराण्याचं शिकारीचं रान होतं. कबिनीच्या काठी कारापूरला त्यांचा मुक्काम असे आणि काकनकोटेच्या जंगलात हत्ती पकडायचा खेड्डा होई. जॉर्ज सँडरसन या पाटबंधारे खात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७४ साली चामराजनगरजवळ खेड्डा यशस्वी करून दाखवला. पुढे काकनकोटे त्यासाठी जगभर गाजलं. हाकारे घालून हत्तींचा कळप नदीत उतरवायचा, पलीकडच्या काठावर लाकडी ओंडक्यांच्या कोटात कोंडायचा, मग माणसाळलेल्या कुमकी हत्तींच्या मदतीनं एकेकाला दोर लावायचे. युरोपातले राजपुत्र आणि व्हाइसरॉय हा देखावा बघायला येत. रानाची खरी माहिती मात्र जेनु कुरुबा आणि काडु कुरुबा या इथल्या आदिवासींना होती. कळपाचा माग तेच काढत, अनेक माहूतही त्यांच्यातलेच असत.

शेवटचा खेड्डा १९७१ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये बंडीपुरात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि १९७४ मध्ये बीचनहळ्ळीचं कबिनी धरण पुरं झालं. चार वर्षांत सगळं पालटलं. खेड्ड्याचं रान पाण्याखाली गेलं आणि कुरुबांना जंगलातल्या हाड्या, म्हणजे वस्त्या, सोडून बाहेर यावं लागलं. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये उभारलेल्या आणि पुढे या विस्थापितांसाठी काम करू लागलेल्या स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंटचं रुग्णालय आज सरगुरात आहे. ज्यांनी रान सांभाळलं त्यांनाच रानाबाहेर काढलं गेलं, ही या सुंदर प्रदेशावरची जखम आहे आणि ती अजून भरलेली नाही.

उन्हाळ्यात जलाशय आटतो. उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं आणि त्यासाठी दूरदूरचे हत्ती काठाशी गोळा होतात. पाण्यात अजून बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे उभे आहेत. हे सगळं बघताना माझी नजर परत परत रस्त्याकडेच्या टणटणीकडे जात होती. आपण जिला घाणेरीही म्हणतो, तीच ही. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून ती आणली गेली. फुलं रंगीत, कुंपण दाट, म्हणून बागाबागांतून लावली. पाखरांनी बिया पसरवल्या आणि आज बंडीपूरचे मोठे पट्टे तिच्याखाली आहेत. तिच्याखाली गवत उगवत नाही, गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि गवत नाही म्हटल्यावर हरणं कुठून राहणार? शेजारच्या वायनाडमध्ये तीच गत पिवळ्या फुलांच्या सेना स्पेक्टॅबिलिसची झाली. शोभेसाठी आणि सावलीसाठी लावलेलं ते झाड आता जंगल गिळतं आहे.

टणटणी वरून कापली की दुप्पट फुटते. ती काढायची तर मुळाचा गड्डा जमिनीखाली तोडून झुडूप उलटं टाकावं लागतं, आणि त्याच जागेवर पुढची काही वर्षं उगवणारी रोपं उपटत राहावं लागतं. बंडीपूरच्या कडेला जंगलस्केप्स ही संस्था आदिवासी गावकऱ्यांच्या हातांनी हेच काम करते. मोकळ्या झालेल्या जागी गवत परततं, गवतामागून चरणारी जनावरं येतात.

सरगूरहून हुणसूर-गोणिकोप्पलच्या बाजूनं पश्चिमेला गेलं की दक्षिण कोडगूत ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी एका जोडप्यानं घडवलेली मालमत्ता आहे. अनिल आणि पामेला मल्होत्रांनी १९९१ मध्ये तिथे ५५ एकर जमीन घेतली. मालकांनी सोडून दिलेली शेतं आणि मळे ते एकेक करून विकत घेत गेले आणि सुमारे ३०० एकरांचं साई अभयारण्य उभं राहिलं. त्यांनी तोड थांबवली, शिकार थांबवली, आणि झऱ्याच्या दोन्ही काठांचं रान आपोआप वाढू दिलं. वेलदोडा-कॉफी होती तीही झाडांच्या सावलीत ठेवली. अनिल २०२१ मध्ये गेले. माझ्या मते, डोंगरावरची जमीन सजवण्याचा याहून चांगला मार्ग कुणी दाखवलेला नाही. वोडेयरांकडे सत्ता होती, मल्होत्रांकडे ती नव्हती. त्यांच्याकडे धीर होता, आणि डोंगराला धीरच लागतो.

सरगूरच्या बाजूचे शेतकरी झाड लावतानाही आधी हत्तीचा विचार करतात. जंगलालगत फणस पिकला की हत्ती आलाच. चर खणले, रेल्वेचे रूळ आडवे लावले, तरी तो वाट काढतो. आमच्या मावळात हत्ती नाहीत, पण रानडुक्कर आहे, वणवा आहे, आणि चार महिने कोसळणारा पाऊस आहे. आजोबांची ताल एका जागी ढासळली आहे. घराचा आराखडा काढण्याआधी ती बांधायची, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

तुमच्याही घरी डोंगरउताराची जमीन असेल, तर पहिला पावसाळा फक्त पाणी कुठून धावतं ते बघण्यात घाला. शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन फिरा. झऱ्यांची नावं त्याला पाठ असतात. पाऊस सरला की जाळरेषा काढा, टणटणी मुळासकट उपटा, पडक्या ताली उभ्या करा. रोपवाटिकेत त्यानंतरच जा, आणि तिथे विलायती फुलझाडांऐवजी ऐन, हिरडा, जांभूळ, करवंद मागा.