लाल धाग्याची तलंग

लिंबायतच्या आठवणी निघाल्यात, तर माझीही एक.

2003 साल असेल. बाबा लूमवर, आणि पत्र्याच्या घरामागे आईचं खुराडं. होळीच्या सुमारास खुडूक कोंबडीनं नऊ पिलं काढली. नवापूरकडे पोल्ट्रीत कामाला असलेला मामा तेव्हा आलेला. त्यानं पंख पसरून दाखवलं, "एक दिवसाच्या पिलाची पिसं लांब-आखूड असली तर मादी, सारखी असली तर नर."

मी लगेच नऊही पिलं तपासली. चार माद्या! लूमवरच्या वेस्टातला लाल धागा त्यांच्या पायात बांधला. दर आठवड्याला सैल करून पुन्हा बांधायचो.

महिनाभरानं शेजारच्या मावशींनी दोन पिलं मागितली. त्या एकट्या, दोन मुलं. अंडी विकून चार पैसे येतील हा हिशोब. कोंबड्यापेक्षा तलंगेला भाव जास्त. माझ्या धाग्यावर भरवसा ठेवून आईनं तलंगेचे पैसे घेतले.

आखाजी आटोपून आजी गावाहून आली. मावशींच्या दारात दाणे टिपणारी पिलं बघून हसलीच. "दोन्ही कोंबडा शेतस, भाऊ!"

मी धागा दाखवला. आजी म्हणाली, धागा नको, तुरा बघ. दोन महिन्यांत नराचा तुरा मोठा नि लाल होतो, पाय जाड होतात. तिसऱ्या महिन्यात मानेवर, पाठीवर लांब टोकदार पिसं येतात. तलंगेची गोलसर राहतात. तोवर कुणी छातीठोक सांगू नये.

पुढे मामाला विचारलं, तर म्हणाला, ती खूण काही ठरावीक हायब्रीड जातींतच चालते, गावठीत नाही. हे आधी सांगायचं राहिलं होतं!

मावशी म्हणाल्या, "राहू द्या ताई, पिलांचं कोण सांगतं?" आईनं ऐकलं नाही. "तलंगेचे पैसे घेतलेत." तिनं दोन्ही कोंबडे परत आणले आणि आमची अंड्यावरची तांबडी त्यांच्या खुराड्यात सोडली. शिवाय एका पिलाचे पैसे परत केले. तेव्हा बाबांच्या लूमला आठवड्यातून तीनच दिवस काम होतं. त्या पावसाळ्यात माझ्या डब्यात अंडं आलं नाही. आई मला एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

एक कोंबडा गटारीला गेला. दुसरा पहाटे आरवायचा, तेव्हा मी पांघरुणात तोंड लपवायचो.

आता दिंडोलीत गच्चीवर माझ्या चार कोंबड्या आहेत. लोक पिलाचे फोटो पाठवून विचारतात, "नर की मादी?" मी विचारतो, वय किती? दोन महिन्यांच्या आतलं असेल तर म्हणतो, थांबा. आणि विकणार असाल तर नक्कीच थांबा.

तुमच्या घरी पिलू कोण ओळखायचं? जरूर लिहा.