वेदीवरून विहिरीवर

‘सुवार्ता’चा अंक घरी आला की आधी काका वाचणार, मग बाबा, मग आई, आणि त्यातलं आजीला काय वाचून दाखवायचं ते आई ठरवणार, अशी आमच्याकडे पद्धत होती. आम्हा भावंडांच्या हाती तो येईपर्यंत त्यावर चहाच्या कपाचे गोल उमटलेले असायचे. हे मासिक 1955 पासूनचं. मुख्यतः चर्चच्या घडामोडी आणि धर्मबोध, असं त्याचं जुनं रूप मोठी माणसं सांगत. 1983 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक झाले ते 2007 पर्यंत. म्हणजे आमच्या शाळा, नोकऱ्या, लग्नं आणि मुलांचे बाप्तिस्मे, सगळं त्यांच्याच कारकिर्दीत उरकलं. त्यांच्यामुळे काका-बाबांची जेवताना जी भांडणं व्हायची, ती धरली तर आमच्या घरातला एक माणूस म्हणूनच त्यांना मोजायला हवं.

आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातले, सामवेदी ख्रिस्ती. नंदाखाल, आगाशी, गास, गिरिज ही आमची सोयऱ्याधायऱ्यांची गावं. फादर नंदाखालचेच. वाडीत केळी, फुलं, भाजी, पानवेली. पहाटेच्या लोकलने घरातली बाई फुलांची आणि भाजीची टोपली घेऊन दादरला जाणार आणि उन्हं चढायच्या आत परतणार. आगाशीकडे राजेळी केळ्यांची सुकेळी करत. या सगळ्याचा आधार एकच, वाडीतली विहीर. आजीच्या लहानपणी तिच्यावर रहाट फिरायचा, बाबांच्या तरुणपणी इंजिन बसलं, आमच्या वेळी विजेचा पंप. पाट मात्र तोच राहिला. त्यातून पाणी कुठल्या आळ्यात कधी फिरवायचं, यावरून जावा-जावांत अबोला धरला जायचा.

पाद्र्याने देवळाबाहेरचं काम करणं हे आमच्याकडे नवीन नव्हतं. बॅसीन कॅथलिक बँक 1918 मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी काढली, तीच मुळी सावकाराच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा म्हणून. आमच्या आजोबांचं पहिलं इंजिन त्याच बँकेच्या कर्जावर आलं. त्यामुळे फादर शाळा काढतात, पतपेढी काढतात, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. शाळा आणि बँक काढल्याने कुणाचा पाय कुणावर पडत नाही. दिब्रिटोंनी जे काढलं, त्यात मात्र बरेच पाय अडकले.

तो काळ आठवायचा तर डाळीपासून सुरुवात करावी लागते. ऐंशीच्या दशकात कधीतरी आमच्या घरातली डाळ शिजेनाशी झाली. आईने आधी दुकानदाराला दोष दिला, मग कुकरला. साबणाला फेस येईना, तेव्हा आजी विहिरीवर गेली, कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन चूळ भरली आणि ती थुंकून म्हणाली, “खारं लागतंय.” दोनच शब्द. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. वसईचा पश्चिम पट्टा समुद्राला लागून. वरचं गोडं पाणी प्रमाणाबाहेर उपसलं की खालून खारं पाणी आत सरकतं, हे शास्त्र आम्हाला पुढे शाळेत कळलं. उपसा कोण करत होतं, हे मात्र कळायला शाळा लागत नव्हती. स्टेशनच्या बाजूला इमारती उठत होत्या, त्यांना नळाचं पाणी नव्हतं, आणि आमच्या गावच्या रस्त्यांवरून टँकर रात्रंदिवस पळत होते. पाणी विकणारे कुणी परके नव्हते. शेजारची आळीच होती.

याच सुमारास, त्या दशकाच्या अखेरीला, हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर तिच्या पुढे उभे राहिले. टँकर, बेसुमार बांधकाम, हिरव्या पट्ट्यावर पडलेली बिल्डरांची नजर, आणि या सगळ्याच्या पाठीशी असलेली दांडगाई. त्या वर्षांत आमच्या भागात काही नावं मोठ्याने घ्यायची नाहीत, असा अलिखित नियम होता. बाजारात कुणी विषय काढलाच तर लोक भाव विचारायला लागत. फादरना धमक्या आल्या. ते बोलायचे आणि लिहायचे थांबले नाहीत, आणि ‘सुवार्ता’चं संपादकीय वाचायला आमचे काका अंकाच्या वाटेवर डोळे लावून बसू लागले.

मोर्चे आठवतात ते बायकांमुळे. लाल लुगड्यांतल्या आज्या, आया, काकू, मावश्या, एरवी ज्या चर्च आणि दादरचा बाजार सोडून कुठे गेलेल्या नाहीत, त्या तहसीलवर चालत निघाल्या. आमच्या आजीने त्या दिवशी नाताळात काढायचं लुगडं काढलं. पायांत चपला घालायच्या की नाही यावर तिने बराच विचार केला, आणि शेवटी घातल्या, कारण पोलिसांनी धरून नेलं तर परत येताना रस्ता तापलेला असेल. वाटेत वाडवळ, आगरी, कोळी वस्त्यांतली माणसं मिसळत गेली. विहीर हिंदूची असो की ख्रिस्त्याची, पाणी सगळ्यांचंच खारं झालं होतं, त्यामुळे त्या मोर्च्यात धर्म विचारायची सवडच नव्हती. फादरचं भाषण माइकवर चालू असताना आजी शेजारणीला सांगत होती, की रविवारच्या प्रवचनापेक्षा हे बरं, यात झोप येत नाही.

प्रवचनांबद्दल आजीचं मत फारसं धरू नये. तिने निम्मं आयुष्य लॅटिन मिस्सा ऐकली होती, एक अक्षर न कळता आणि एकदाही न चुकवता. साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा आता सगळं कळतंय म्हणून ती थोडी नाराजच झाली होती. पण फादर दिब्रिटोंचं मराठी तिला आवडायचं. येशूच्या दृष्टान्तासोबत तुकोबांचा अभंग येणार, आणि तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटणार नाही. बाबांना हे रुचायचं. काकांना नाही. वेदीवर तुकाराम कशाला, असं ते म्हणत. त्याहून मोठी त्यांची तक्रार अशी की पाद्र्याने पाण्याच्या आणि जमिनीच्या भानगडीत पडू नये. आत्म्याचं बघावं.

काकांचं म्हणणं एकट्याचं नव्हतं. नव्वदीत आमच्या प्रत्येक घराचे असे दोन भाग पडले होते. जमीन वाचवा म्हणणारा एक आणि जमीन विकून मुलाला आखातात पाठवा म्हणणारा दुसरा. पुष्कळदा दोघे एकाच पानावर जेवत. पाणी खारं झालेली वाडी पिकवायची कशी, याचं उत्तर आंदोलनाकडे नव्हतं, आणि बिल्डरकडे होतं, रोखीचं. काकांनी आपल्या हिश्शाचा तुकडा विकला. व्यवहार झाला त्या रविवारी ते मिस्सेला गेले नाहीत, फादर काही म्हणतील म्हणून. फादर त्या चर्चमध्ये नव्हतेही. पण काकांना तसं वाटलं, यावरून फादरचा वचक कुठवर पोचला होता ते कळावं. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांना खलनायक ठरवणाऱ्या आठवणी मी बऱ्याच वाचल्या आहेत. त्या लिहिणाऱ्यांची विहीर गोडी असणार.

आंदोलनाने काय मिळवलं, हा प्रश्न आमच्या घरात अजून उठतो. टँकरचा उपसा हा गुन्ह्यासारखा विषय झाला, हिरव्या पट्ट्याचा विचार सरकारी कागदावर करावा लागला, आणि गावं टिकली, निदान गावासारखी दिसायची टिकली. पण 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. बावखलं, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारी आमची गावतळी, त्यातली कितीतरी भरणी घालून बुजवली गेली. सूर्या धरणाचं पाणी नळाने आलं, आणि ते आलं तेव्हा पालघरकडच्या शेतकऱ्यांनी आमच्या शेतीचं पाणी तिकडे का, असा सवाल केला. तो अगदी आमच्याच जुन्या मोर्च्यातला सवाल होता. फक्त या वेळी आम्ही पाणी नेणाऱ्यांच्या बाजूला होतो. फादरनी आम्हाला जे शिकवलं त्याचा हाही एक भाग, की हे आम्हाला दिसलं तरी.

माझ्या मते त्यांनी खरं काम केलं ते वेगळंच. आमच्या समाजाला सार्वजनिक ठिकाणी उभं राहून मराठीत बोलायची सवय नव्हती. घरात आमची बोली, चर्चमध्ये प्रार्थना, बाजारात मोलभाव. सरकारी साहेबापुढे मान खाली. चारशे-पाचशे वर्षं इथेच असूनही, 1534 पासून पोर्तुगिजांचं राज्य आणि 1739 नंतर पेशव्यांचं, या दोन्हींच्या मध्ये आपण कोण हे सांगायला आम्ही कचरत असू. मुंबईत कुणी आडनाव विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “मग मराठी कसं येतं?” ‘सुवार्ता’त ख्रिस्ती नसलेले मोठे लेखक लिहू लागले, त्यांच्यासोबत आमच्या गावच्या मास्तरांचेही लेख छापून येऊ लागले. आमची एक आत्या, सातवी शिकलेली, तिने विहिरीवर पत्र लिहिलं आणि ते छापून आलं. त्यानंतर ती ग्रामसभेत बोलायला उठायची ती बसवल्याशिवाय बसायची नाही. 2009 मध्ये महापालिका झाली आणि गावं तिच्यातून वगळा म्हणून पुन्हा आंदोलन पेटलं, त्याच वर्षी त्या आंदोलनाचे पुढारी विवेक पंडित वसईतून अपक्ष आमदार झाले, तेव्हा भाषणं करायला, पत्रकं लिहायला माणसं शोधावी लागली नाहीत. ती आधीच तयार होती.

मग सुबोध बायबल आलं. घरातलं जुनं बायबल भरड्या, अवघड मराठीत होतं. आई त्याचा मान ठेवायची आणि उघडायची क्वचित. फादरनी कित्येक वर्षं खपून केलेलं हे भाषांतर तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं, मसाल्याच्या डब्याशेजारी. त्यातल्या नव्या कराराला साहित्य अकादमीचा पुरस्कार 2013 मध्ये मिळाला तेव्हा आईला त्याचं विशेष वाटलं नाही. वाचलेलं कळतंय, एवढं तिला पुरे होतं. फादर स्टीफन्स आणि रेव्हरंड टिळक आम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत होते, म्हणजे परीक्षेपुरते. मराठी लेखक म्हणून ओळखीचा, रस्त्यात दिसणारा, पांढऱ्या झग्यातला माणूस हा एकच.

2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला 93 वं साहित्य संमेलन झालं. फादर दिब्रिटो त्याचे अध्यक्ष, अखिल भारतीय संमेलनाचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. निवड जाहीर झाली तेव्हा वसईत फटाके वाजले आणि बाहेर विरोधही झाला, ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही जाऊ नका असं सांगण्यात आलं. ते गेले आणि उद्घाटन केलं. फादरची पाठ तेव्हा फार दुखत होती. आमच्यातले काही जण रेल्वेने गेले, बाकीचे टीव्हीसमोर. भाषणात फादरनी मराठी शाळांचं सांगितलं, देशात चाललेल्या दडपशाहीबद्दल सांगितलं. मराठी शाळांचा मुद्दा आला तेव्हा आमच्या दिवाणखान्यात चुळबुळ झाली. आम्ही सगळे चर्चच्या मराठी शाळांतून शिकलो, आणि आमची सगळी मुलं इंग्रजी माध्यमात. ती टीव्ही बघत नव्हतीच. एकाने विचारलं, की फादर इतकं अवघड का बोलतात. बोलत होते ते अगदी साधं.

शेवटची वर्षं आजारपणात गेली. 25 जुलै 2024 रोजी गिरिजला ते गेले आणि नंदाखालच्या चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. भर पावसात माणसं येत राहिली. साहित्यिक, पुढारी, आदिवासी पाड्यांवरचे कार्यकर्ते, आणि आमच्या त्या आज्यांपैकी ज्या उरल्या होत्या त्या. काका ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, तरी हट्टाने आले.

परतताना गाडीत त्यांनी पुन्हा जुनाच वाद काढला. फादरनी तेव्हा निवडणूक लढवली असती तर वसई वाचली असती, हे त्यांचं नवीन मत. बाबा म्हणाले, पाद्र्याला राजकीय पद घेता येत नाही, चर्चचा कायदाच आहे. काका म्हणाले, मग कायदा बदलायचा. बाबा म्हणाले, तूच म्हणायचास ना, पाद्र्याने आत्म्याचं बघावं? काकांनी काच खाली केली, बाहेर बघितलं, आणि जिथे त्यांची वाडी होती तिथल्या सोसायटीच्या फाटकाशी गाडी थांबवायला सांगितली, कारण तिसऱ्या मजल्यावर आता त्यांचा नातू राहतो आणि त्याच्याकडे चहा चांगला मिळतो.