मागणी, गरज आणि कातडी

अर्थशास्त्रातला 'मागणी' हा शब्द आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना नेहमीच थोडा अडखळायला लावतो. आपल्या घरांतून मागणी वस्तूला येत नसे, मुलीला येत असे. आणि ती येण्या-न येण्याचा संबंध तिच्या वर्णाशी जोडला जाई. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने हे दोन्ही अर्थ एकाच ट्यूबमध्ये बसवले. मुलीला मागणी यावी म्हणून क्रीमला मागणी! त्यामुळे २०२० च्या महामारीने त्वचाप्रसाधनांची मागणी बदलली, असे वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर वाचू लागलो, तेव्हा त्यात आम्हांला बाजाराइतकाच भाषेचाही प्रश्न दिसला.

बदल झाला तो आधी हातांपासून. १३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर यांचा समावेश जीवनावश्यक वस्तूंत केला. पुढे २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. दवाखान्याबाहेर ज्याची फारशी ओळख नव्हती, तो द्रव धान्याच्या पंगतीला येऊन बसला. महाराष्ट्रातले साखर कारखानेही तो तयार करू लागले. चहात विरघळणारा ऊस आता तळहातावर उडून जाऊ लागला.

उलट ओठांचे महत्त्व ओसरले. २००१ मध्ये एस्टी लॉडर कंपनीचे लिओनार्ड लॉडर यांनी एक निरीक्षण मांडले होते : पडत्या काळात लोक मोठे खर्च टाळतात, पण लिपस्टिकसारखी छोटी चैन सोडत नाहीत. २०२० मध्ये हा आडाखा चुकला, कारण या वेळी संकटाने खिशाबरोबर तोंडही झाकले होते. मुखपट्टीआड रंगवलेले ओठ कोण पाहणार? काजळाने मात्र तग धरला. 'तोंड दाखवायला जागा नाही' हा वाक्प्रचार शब्दशः खरा झाला आणि सारे बोलणे डोळ्यांकडे आले.

याच काळात मॉइश्चरायझरची आठवण वाढली, त्याला शरीराचे साधे कारण आहे. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मधोमध स्निग्ध द्रव्य असते. ते आतले पाणी धरून ठेवते. साबण आणि मद्यार्क विषाणूचे स्निग्ध वेष्टण फोडतात, पण त्याच वेळी ही स्निग्धताही धुऊन नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल आहे, ते एवढ्याचसाठी. शत्रूला मारणारे हत्यार आपल्यालाही ओरखडे काढते, हे त्या सूत्रकर्त्यांना ठाऊक होते.

मग जून महिना आला. महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून केशकर्तनालये आणि ब्यूटी पार्लर उघडली. केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग यांना परवानगी होती, त्वचेशी संबंधित सेवांना नव्हती. सरकारी आदेशाने जणू त्वचेला विलगीकरणात ठेवले. त्याच आठवड्यात, २५ जूनला, हिंदुस्तान युनिलिव्हरने आपल्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढत असल्याचे जाहीर केले. पुढे ते 'ग्लो अँड लव्हली' झाले. त्यामागे महामारी नव्हती. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर उसळलेला वर्णविद्वेषविरोधी संताप होता. तरीही हा योग आम्हांला बोलका वाटतो. गोरेपणाची जागा चकाकीने घेतली. विशेषण बदलले, विशेष्य मात्र तेच राहिले.

अहवालांतून या साऱ्याला 'स्वतःची काळजी घेण्याकडे कल' असे म्हटले गेले. घरी बसलेल्या, पगार चालू असलेल्या आमच्यासारख्यांच्या बाबतीत ते खोटे नाही. ऑनलाइन तासांना दिवसभर पडद्यावर स्वतःचाच चेहरा पाहावा लागे. असे आरशासमोर बसून शिकवण्याची वेळ आमच्यावर पूर्वी कधी आली नव्हती. आमच्यातल्या कित्येकांनी त्या काळात डोळ्यांखालच्या वर्तुळांवरचे पहिले क्रीम घेतले.

पण आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी टाळेबंदी सैल झाल्यावर परत आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी प्रत्येक दारात एक बाटली ठेवलेली होती. पाच घरे, म्हणजे पाच वेळा सॅनिटायझर, आणि मध्ये भांड्यांचा साबण. पंधरा दिवसांत त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. "ताई, मिठाला हात लावला की जीव जातो," त्या म्हणाल्या. रात्री खोबरेल चोळतात का, असे विचारले, तर हसून म्हणाल्या, "तेल फोडणीला पुरलं तर हाताला." त्वचेच्या निगेची सर्वांत मोठी गरज त्या हातांना होती, आणि मागणीच्या कोणत्याही आलेखात ते हात नव्हते. अर्थशास्त्राला ऐपतीवाचूनची गरज मागणी म्हणून मोजता येत नाही. मोजायचीच झाली तर ती कथा-कादंबरीने मोजावी लागते. कोरोनाकाळावरचे लेखन विद्यार्थ्यांना शिकवताना त्यात हे भेगाळलेले हात कुठे आहेत, असा प्रश्न म्हणूनच आम्ही आता आवर्जून विचारतो.

मराठीने या भेदाची नोंद फार पूर्वी करून ठेवली आहे. जाहिरातीत असते ती 'त्वचा', आणि राबते, सोलवटते ती 'कातडी'. स्वतःपुरते पाहणाऱ्याला आपण 'त्वचाबचाऊ' म्हणत नाही, 'कातडीबचाऊ' म्हणतो. महामारीत आपण सगळेच कातडी बचावत होतो, आणि ते योग्यही होते. फक्त आपली बचावताना कोणाची सोलली गेली, एवढा हिशेब मांडायचा राहून गेला आहे.