पन्हाळ्याचा पाऊस आणि पॅराशूटचे कापड

कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. पश्चिमेला गगनबावड्यात तो हजारो मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. पूर्वेला शिरोळ तालुक्यात काही शेंवरच थांबतो. त्यामुळे पावसात अंगावर काय घ्यावे, याची उत्तरेही आपल्याकडे निरनिराळी झाली. भातलावणीला वाकलेल्या पाठीवर इरले, धनगराच्या खांद्यावर घोंगडी, आणि ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही त्याच्या डोक्यावर पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ. खताची प्लॅस्टिकची पोती आली तेव्हा तागाच्या पोत्याची जागा त्यांनी घेतली. टाकाऊ वस्तूचे पाऊसवस्त्र करण्याची विद्या आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागली नाही.

शहरात आमच्या लहानपणी जाड रबरी रेनकोट होता. त्याचा वास आणि वजन दोन्ही विसरता येत नाहीत. पुढे बाजारात एक हलके, सळसळणारे, मुठीत मावणारे कापड आले आणि लोकांनी त्याला सरसकट ‘पॅराशूटचे कापड’ म्हणायला सुरुवात केली. हे नाव आपल्या भागात लवकर रुळले याचे मला नवल वाटत नाही. सैन्यात मुलगा नाही असे घर शोधावे लागेल, अशी गावे या जिल्ह्यात आहेत. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलवर हवाई छत्र्यांनी उतरलेली दुसरी पॅरा बटालियन मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच. हवाई छत्री हा शब्द आमच्या पिढीने पुस्तकाआधी सुटीवर आलेल्या जवानांच्या तोंडून ऐकला.

मात्र बाजारातले हे कापड बहुधा हवाई छत्रीचे नसते. खऱ्या छत्रीच्या कापडातून ठरावीक प्रमाणात हवा पार व्हावी लागते; ते पाणी अडविण्यासाठी विणलेलेच नसते. आपण घेतो ते नायलॉनचे दाट विणीचे कापड, आतून पाणीरोधक लेप दिलेले. नाते आहे ते धाग्याचे.

त्या धाग्याचा जन्म १९३५ सालचा. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने तो प्रथम सिद्ध केला. त्यापूर्वी हवाई छत्र्या रेशमाच्या असत. दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशीम मिळेनासे झाले आणि छत्र्या नायलॉनच्या होऊ लागल्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या छत्र्यांतून विलायतेत लग्नाचे पोशाखसुद्धा शिवले गेले. एक किलो कच्च्या रेशमासाठी पाच हजारांच्या आसपास कोश आतल्या जिवासह उकळावे लागतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. एवढी हिंसा एका कृत्रिम धाग्याने टाळली, ती मात्र करुणेपोटी नव्हे, टंचाईपोटी. आणि याच नायलॉनचा मांजा संक्रांतीला पक्ष्यांचे पंख कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो अजून मिळतोच.

निवृत्तीनंतर दोन पावसाळे मी पन्हाळ्याहून मसाई पठारापर्यंत चालत गेलो आहे. सिद्दी जौहरचा वेढा भेदून शिवाजी महाराज १६६० च्या आषाढात ज्या वाटेने विशाळगडाकडे निघाले, ती हीच वाट. दरवर्षी जुलैत तरुणांचे जथे पांढरपाण्यावरून पावनखिंडीपर्यंत जातात. पठारावर आडोसा नाही. धुके एवढे की पुढचा माणूस केवळ त्याच्या कोटाच्या रंगावरून ओळखावा, आणि वारा पाऊस खालून वर फेकतो. तिथे छत्री हे ओझे ठरते. भिजून जड झालेली घोंगडी ऊब देते, परंतु साठीनंतरचे खांदे तिला नकार देतात. दीडशे ग्रॅमचा नायलॉनचा कोट तिथे खरा उपयोगी पडतो. त्याचे दोषही तिथेच कळतात. चढावर घाम आत कोंडतो, आणि शेकोटीजवळ बसलात तर एक ठिणगी पुरते. हे कापड जळण्याआधी वितळते आणि कातडीला चिकटते.

हलकेपणाचे गणित मला मोठे आवडते. धाग्याची जाडी ‘डेनियर’मध्ये मोजतात, नऊ हजार मीटर धाग्याचे जितके ग्रॅम, तितके डेनियर. कोल्हापूर ते पन्हाळा अंतर सुमारे वीस किलोमीटर. वीस डेनियरचा धागा बिंदू चौकापासून गडापर्यंत ताणला, तर त्याचे वजन ४४ ग्रॅमच्या आसपास भरेल! इतका बारीक धागा फाटू नये म्हणून विणताना ठरावीक अंतरावर उभे-आडवे जाड धागे घालतात. त्यामुळे कापडावर बारीक चौकडा दिसतो, आणि काट्याने फाटले तरी चीर त्या चौकड्याशी थांबते.

डेनियर हा शब्द मी नोकरीत शिकलो. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांची साठापत्रके तपासताना सूत, कोरे कापड आणि सर्वांत खाली फेंट व चिंधी असे रकाने असत. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे त्या मागांवर वाढली. परंतु सव्वाशे वर्षांत पुष्कळसे कापड कोरेच बाहेर जाते आणि जॉबवर चालणाऱ्या मागाची मजुरी आजही पिकामागे पैशांत ठरते. कोटाच्या कापडात खरी किंमत लेपाची, अंतिम प्रक्रियेची आणि शिलाईची असते. तांत्रिक वस्त्रांचे शिक्षण देणारी डीकेटीईसारखी संस्था गावातच आहे. पाऊस आपला, चालणारे आपले, माग आपले. कोट मात्र परगावचा. कर्जप्रस्ताव तपासणाऱ्याच्या नजरेने मला हे बरोबर वाटत नाही.

थोडा प्रयत्न आहे तो शिंप्यांकडे. शाहूपुरीत माझ्या ओळखीचे एक कारागीर आहेत. मोठ्या कारखान्यांतून उरलेले, रंगात फरक पडल्याने नाकारलेले नायलॉन ते ‘लॉट’मध्ये किलोवर आणतात. रंगाचा फरक पावसाला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते या कापडाला टाचणी लावत नाहीत, चिमटे लावतात. कारण पाडलेले प्रत्येक छिद्र पुढे गळते. कडा कात्रीने न कापता तापलेल्या पात्याने कापतात, म्हणजे धागे सुटत नाहीत. खांद्यावर शिवण येऊ देत नाहीत. आलीच तर आतून पट्टी चिकटवितात. उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या होतात आणि त्याहून लहान तुकडे कोटाच्याच खिशात जातात, पुढे ठिगळाला.

लेप दमट हवेत चिकट होऊन सुटतो, म्हणून कोट घडी घालून कपाटात कोंबू नये, सावलीत वाळवून टांगावा, हेही तेच सांगतात. मृग जवळ आला की त्यांच्याकडे श्वास घ्यायला सवड नसते. अक्षय तृतीयेच्या आत माप देऊन आले, तरच आषाढात कोट हाती पडतो.